मांजर एक, तोंडं चार

ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स आहे, तिथल्या वेल्श भाषेत मांजराला ‘काथ’ म्हणतात. शेवटचा थ आपला नव्हे. इंग्रजी ‘थिंक’मधला, जीभ दातांत धरून फुंकलेला. ‘माझं मांजर’ म्हणायचं झालं की त्याचं ‘व ङ्हाथ’ होतं. ‘त्याचं मांजर’ म्हणजे ‘ई गाथ’ आणि ‘तिचं मांजर’ म्हणजे ‘ई खाथ’. ‘त्याचं’ आणि ‘तिचं’ या दोन्हींना शब्द एकच, ‘ई’. मांजर कुणाचं, ते मांजराच्या पहिल्या अक्षरावरून ओळखायचं.

इंग्रजीतून वेल्श शिकणारे इथे पहिल्यांदा हात टेकतात. त्यांच्या पुस्तकात एक तक्ता असतो: सीचा जी होतो, सीचा एन-जी-एच होतो, सीचा सी-एच होतो. इंग्रजी मुळाक्षरांत सी आणि जी यांचं काही नातं दिसत नाही, त्यामुळे पाढ्यासारखं घोकण्यावाचून गत्यंतर नसतं. तोच तक्ता देवनागरीत लिहून बघा. क, ग, ङ, ख. बालवाडीच्या भिंतीवरची पहिली ओळ. घ तेवढा गैरहजर.

शाळेतले व्यंजनसंधी आठवत असतील तर काम आणखी सोपं. वाक् + ईश = वागीश, सत् + आचार = सदाचार, अप् + ज = अब्ज. वेल्शच्या पहिल्या, म्हणजे मृदू बदलात हेच होतं: कचा ग, तचा द, पचा ब. मग वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ. वेल्शचा दुसरा बदल अनुनासिक. कचा ङ्ह, तचा न्ह, पचा म्ह; आणि गचा ङ, दचा न, बचा म. प्रत्येक वर्ण आपल्याच वर्गाच्या अनुनासिकाकडे जातो, वर्ग ओलांडत नाही. तिसऱ्या बदलात कचा ख, तचा थ, पचा फ. मात्र हे तिन्ही घासून म्हणायचे. सोलापुरातले उर्दू बोलणारे ‘खबर’ म्हणताना जो ख काढतात, तो.

म्ह आणि न्ह आपल्याकडे म्हैस आणि न्हाणीपासून आहेत. फरक इतकाच की आपला म्ह कंठातून घुमतो आणि वेल्शचा नुसता नाकातून हवा सोडतो. अडतो तो ङ्ह, कारण आपण ङ कधी शब्दाच्या सुरुवातीला वापरत नाही. युक्ती अशी: ‘वाङ्मय’ सावकाश म्हणा, ङवर थांबा, मग पुढचं ‘मय’ सोडून ‘आथ’ म्हणा. चार-पाच वेळा झालं की सुरुवातीचा ‘वा’ गाळा.

वर्गाची ही शिस्त मृदू बदलात काही ठिकाणी मोडते, तेवढी वेगळी लक्षात ठेवावी लागते. ब आणि म या दोघांचाही व होतो. दचा इंग्रजी ‘दॅट’मधला घासलेला द होतो. आणि ग चक्क नाहीसा होतो.

बदल घडवणारे शब्द बरेच आहेत, पण सुरुवातीला तीन पुरतात. ‘ई’ म्हणजे ‘कडे’ (वरच्या ‘त्याचं-तिचं’शी उच्चार जुळतो, शब्द वेगळा); त्याने मृदू बदल होतो. ‘अन’ म्हणजे ‘मध्ये’, त्याने अनुनासिक. ‘आ’ म्हणजे ‘आणि’, त्याने तिसरा. सराव आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्यांवर करावा. करमाळ्याकडे: ई गरमाळा. करमाळ्यात: अङ ङ्हरमाळा. आणि करमाळा: आ खरमाळा. पंढरपूर: ई बंढरपूर, अम म्हंढरपूर, आ फंढरपूर. बार्शी: ई वार्शी, अम मार्शी, आणि तिसऱ्यात काही नाही, कारण तिसरा बदल फक्त क, त, प यांना लागतो. अक्कलकोट स्वराने सुरू होतं म्हणून सुटलं. सांगोला आणि खुद्द सोलापूरही सुटले, कारण वेल्श सला हात लावत नाही. (खऱ्या वेल्शमध्ये परक्या गावांची नावं सहसा अशी वाकवत नाहीत, हा नुसता जिभेचा व्यायाम.) वेल्सच्या सरहद्दीवर मोटारीने शिरताना जी पाटी दिसते तिच्यावरही हेच आहे. देशाचं नाव कम्री, पाटीवर ‘क्रोएसो ई गम्री’.

आपण तरी वेगळं काय करतो? सोलापूर, पण सोलापुरात. पू ऱ्हस्व झाला. रस्ता, पण रस्त्यावर. आपण शब्दाचं शेपूट वाकवतो, ते तोंड वाकवतात. शेपूट वाकलं तरी शब्दकोशात शब्द सापडतो. तोंड वाकलं की सापडत नाही. शिकणारे गळतात ते बहुतेक याच पायरीवर.

आता हे होतं का, तर कारण जुनं आहे आणि संस्कृतची तोंडओळख असलेल्याला ते लगेच पटेल. ‘त्याचं’ला संस्कृतमध्ये अस्य, ‘तिचं’ला अस्याः, ‘त्यांचं’ला एषाम्. पहिला स्वरान्त, दुसऱ्याला विसर्ग, तिसऱ्याच्या शेवटी अनुनासिक. वेल्श आणि आयरिश ज्या घराण्यातल्या, त्या केल्टिकमध्ये याच मुळातून आलेले शब्द होते, त्यांचे शेवटही तसेच. बोलताना शेवटचा ध्वनी पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षराला चिकटला, पुढे शेवट झिजून गेले, पण पुढच्या शब्दावर उमटलेला ठसा राहिला. आयरिशमध्ये तिन्ही ठसे अजून शाबूत आहेत. होडीला ‘बाद’. त्याची होडी ‘अ वाद’, तिची होडी ‘अ बाद’, त्यांची होडी ‘अ माद’. तिन्ही ठिकाणी ‘अ’ तोच. एषाम्-मधला म् दीड-दोन हजार वर्षांपूर्वी गळाला आणि होडीच्या नाकावर जाऊन बसला.

हे नातं ओळखण्याची सुरुवात भारतातच झाली. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं, त्यात गॉथिक आणि केल्टिक यांचाही उल्लेख केला. जोन्स यांचे वडील वेल्सच्या अँगलसी बेटावरचे. पुढे १८३८ मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बॉप यांनी केल्टिकची बाजू नीट सिद्ध केली. तोवर शंका होत्याच, आणि शंकेचं एक कारण म्हणजे हे बदलतं तोंड.

आज जिवंत म्हणाव्या अशा केल्टिक भाषा सहा. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि आइल ऑफ मॅन बेटावरची मँक्स एका फांदीवर. वेल्श, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाची कॉर्निश आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली ब्रेतों दुसऱ्या. पहिल्या पाच इंग्रजीच्या सावलीत, सहावी फ्रेंचच्या. ब्रेतोंची गोष्ट वेगळी आणि जास्त कडू आहे. फ्रान्सच्या राज्यघटनेत १९९२ पासून ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच’ असं वाक्य आहे, आणि त्याच्याच आधारे २०२१ मध्ये तिथल्या घटना परिषदेने शाळेत सगळं शिक्षण प्रादेशिक भाषेतून देण्याची तरतूद रद्द केली.

व्याकरणाच्या बाबतीत मराठी माणूस लंडनच्या माणसापेक्षा दोन पावलं पुढून सुरुवात करतो. आयरिश आणि वेल्शमध्ये इंग्रजीसारखं ‘हॅव’ हे क्रियापदच नाही. आयरिशमध्ये ‘ता ल्यावर अगम’: आहे, पुस्तक, माझ्यापाशी. भूक लागली तर ‘ता ओक्रस ओरम’: आहे, भूक, माझ्यावर. इंग्रज विद्यार्थ्याला इथे ‘मी भुकेला आहे’ या साच्यातून बाहेर पडायला महिना लागतो. आपण मुळातच ‘मला भूक लागली’ म्हणतो. भूक कर्ता, आपण नुसते सोसणारे. पडसं, ताप, लाज, दुःख सगळं असंच येऊन बसतं. हो-नाहीचंही तेच. आयरिशमध्ये ‘हो’ला स्वतंत्र शब्द नाही, विचारलेलं क्रियापद परत म्हणायचं. ‘दुकान उघडं आहे का?’ ‘आहे.’ ‘चहा घेतलास का?’ ‘घेतला.’

उलटं पडतं ते शब्दक्रमात. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी, त्यांचं सुरुवातीला. आणि हा आरसा पुढे सगळीकडे लागू होतो: आपण ‘घरावर’, ते ‘वर घर’, आपण ‘काळा कुत्रा’, ते ‘कुत्रा काळा’. वेल्शमध्ये काळा कुत्रा ‘की दी’. काळी मांजर ‘काथ दी’, पण इथला द घासलेला, कारण काथ स्त्रीलिंगी. आपण काळा-काळी असं शेवटी दाखवतो, ते दच्या घासण्यात दाखवतात. ऐकताना हा द निसटला की लिंग निसटलं.

शेजारच्या भाषा एकमेकींवर कसे ठसे उठवतात हे सोलापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. पुण्याचा माणूस ‘मी काम केलं’ म्हणतो, सोलापूरचा ‘मी काम केलो’ म्हणतो, आणि त्यामागे शेजारची कन्नड आहे. आयर्लंडमध्ये इंग्रजी बोलतानाही नुकतंच जेवण झालं असेल तर ‘आय ॲम आफ्टर ईटिंग माय डिनर’ म्हणतात. शब्द इंग्रजी, सांगाडा आयरिश. इंग्रजीने केल्टिकमधून घेतलेले शब्द मात्र फारच कमी. व्हिस्की म्हणजे ‘जीवनाचं पाणी’ या शब्दजोडीतलं नुसतं ‘पाणी’. स्लोगन म्हणजे गेलिकमधली ‘सैन्याची आरोळी’. आणि इंग्लंडमधल्या ‘रिव्हर एव्हन’चा अर्थ ‘नदी नदी’, कारण वेल्शमध्ये ‘आवोन’ म्हणजेच नदी. नदीचं नाव विचारलं, समोरच्याने ‘नदी’ म्हणून सांगितलं, आणि तेच नकाशावर गेलं.

इंग्रजीशेजारी राहण्याचा हिशेब वेल्स आणि आयर्लंड यांचा शेजारी-शेजारी ठेवला तरच कळतो. वेल्सकडे स्वतःचं राज्य नव्हतं. १५३६ च्या कायद्याने कारभाराची भाषा इंग्रजी ठरली आणि वेल्श वापरणाऱ्याला सरकारी पद बंद झालं. एकोणिसाव्या शतकात वेल्श बोलताना पकडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे; पुढचं मूल बोललं की तो त्याच्या गळ्यात, आणि दिवसाच्या शेवटी ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. तरी १९११ च्या जनगणनेत जवळपास पावणेदहा लाख लोक, म्हणजे ४३ टक्क्यांहून जास्त, वेल्श बोलत होते. त्याचं मोठं कारण १५८८ चं वेल्श बायबल. विल्यम मॉर्गन यांचं ते भाषांतर चर्चमध्ये वाचलं गेलं, पुढे रविवारच्या शाळांत शेतकरी आणि खाणकामगार त्यावरूनच अक्षरओळख शिकले. पंढरीच्या वाटेवर ज्ञानेश्वरी आणि गाथ्याने मराठीचं जे केलं, त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे: राजाची भाषा कोणतीही असो, देवाशी बोलायची भाषा घरचीच.

आयर्लंडमध्ये हा आधार नव्हता. तिथलं बायबल राज्यकर्त्यांच्या पंथाचं, लोक कॅथलिक. त्यात १८४५ नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि आणखी तेवढी देश सोडून गेली. सर्वांत जास्त झळ पश्चिमेच्या आयरिशभाषक पट्ट्याला. बोटीत बसायचं तर इंग्रजी हवी, हे आईबापांनीच ठरवलं. मग १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य आलं, १९३७ च्या घटनेत आयरिश ही पहिली अधिकृत भाषा झाली, प्रत्येक शाळेत सक्तीची झाली, २००७ पासून युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. इतकं सरकारी पाठबळ फार थोड्या भाषांना मिळतं. आणि २०२२ ची जनगणना? ‘आयरिश येते’ म्हणणारे १८,७३,९९७. शाळा-कॉलेज सोडून इतरत्र रोज बोलणारे ७१,९६८.

या दोन आकड्यांमधली दरी मला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. आयरिश मुलाला भाषा वाचता येते, लिहिता येते, परीक्षेत गुण मिळतात, पण ती भाषा त्याला कुणी जेवायला हाक मारायला वापरलेली नसते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत नेमकं उलटं चित्र दिसतं. हाक तेलुगूत, भांडण तेलुगूत, लग्नाची बोलणी तेलुगूत, पण बऱ्याच घरांत नव्या पिढीला ती लिपी वाचता येत नाही. एकीकडे वही आहे आणि तोंड नाही, दुसरीकडे तोंड आहे आणि वही नाही. यातलं तोंड हातात असणं केव्हाही बरं. वही मागाहून आणता येते.

वेल्सने दोन्ही एकत्र आणायचा प्रयत्न केला. १९३९ मध्ये अॅबरिस्टविथला पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा, १९७१ मध्ये बालवाड्यांची संघटना, १९८२ मध्ये स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी, १९९३ आणि २०११ मध्ये कायदे. २०५० पर्यंत दहा लाख भाषकांचं सरकारी उद्दिष्ट आहे. तरीही २०११ मध्ये ५,६२,००० (१९ टक्के) असलेले भाषक २०२१ मध्ये ५,३८,३०० (१७.८ टक्के) झाले. उत्तर आयर्लंडचं तर काय सांगावं: कोर्टात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा चालणार नाही असं सांगणारा १७३७ चा कायदा रद्द करण्याची तरतूद संमत व्हायला २०२२ उजाडलं.

पाट्यांच्या बाबतीत कायदा लवकर दिसतो, पण चुकाही तिथेच होतात. स्वान्सी शहरात २००८ साली अवजड वाहनांना बंदीची पाटी करायची होती. इंग्रजी मजकूर ईमेलने भाषांतरकाराकडे गेला, लगेच वेल्शमध्ये उत्तर आलं, ते जसंच्या तसं पाटीवर रंगवलं. उत्तराचा अर्थ होता: मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचं काम असल्यास पाठवा. चूक भाषांतरकाराची नव्हतीच. पाटी मागवणारा, करणारा आणि ठोकणारा यांपैकी कुणालाही ती वाचता येत नव्हती. आपल्याकडे दुकानांवर ‘सोलापूरात’ असं सर्रास रंगवलेलं दिसतं, त्याचंही कारण याच जातीचं.

आकड्यांवरचं भांडणही ओळखीचं वाटेल. जुन्या वेल्शमध्ये मोजणी विसाची. ९९ म्हणजे ‘पेद्वार आर बम्थेग आ फेद्वार इगैन’: पंधरावर चार आणि चार विसा. (‘आ’नंतर पेद्वारचं फेद्वार झालं, पाहिलंत?) शाळांसाठी नवी पद्धत आली: ‘नाऊ देग नाऊ’, नऊ दहा नऊ. गणिताच्या तासाला नवी रुळली. घड्याळ आणि तारीख यांत जुनी टिकून आहे, त्यामुळे शिकणाऱ्याला दोन्ही लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला होता! वेल्शचा अनुभव असा की नवी पद्धत आली म्हणून जुनी मरत नाही, पण ती वर्गाबाहेर राहते.

मँक्सबद्दल एकच गोष्ट, पण आपल्या कामाची. ही भाषा इंग्रजी शिकलेल्या पाद्र्यांनी इंग्रजी वळणाने लिहायला घेतली. त्यामुळे आयरिशशी असलेलं तिचं नातं कानाला कळतं, डोळ्याला कळत नाही. व्हॉट्सॲपवर रोमन अक्षरांत मराठी लिहिली की ‘मन’ आणि ‘मान’ एकच दिसतात, तसला प्रकार. तिचे शेवटचे जन्मभाषक नेड मॅड्रेल १९७४ मध्ये गेले. २००१ पासून बेटावर मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा चालू आहे.

कुणाला हौस म्हणून एक केल्टिक भाषा शिकायची असेल तर माझं मत वेल्शला. लेखन उच्चाराप्रमाणे चालतं, वेल्समधले अभ्यासवर्ग इंटरनेटवर मिळतात, आणि रेडिओ दिवसभर ऐकता येतो. आयरिशचं स्पेलिंग पहिल्या महिन्यात धीर खचवतं. वेल्शची अक्षरं एका बैठकीत होतात: एक एफ म्हणजे व, दोन एफ म्हणजे फ, डब्ल्यू म्हणजे उ, यू म्हणजे ई, सी नेहमी क, दोन डी म्हणजे घासलेला द. दोन एलसाठी जीभ लच्या जागी ठेवायची आणि आवाज न काढता बाजूने हवा सोडायची. ‘कल्हई’तला ल्ह कुजबुजत म्हटला की जवळपास तेच. इंग्रज त्याचा ‘थ्ल’ करतात, तो ऐकून शिकू नये.

शब्दकोश उघडण्याआधी तोंड सरळ करून घ्यायचं. सुरुवातीला ङ्ह, न्ह, म्ह दिसले तर शंका नको, मूळ क, त, प. घासलेला द दिसला तर मूळ द. व दिसला तर आधी ब खाली बघा, मग म खाली. ग, ब, द दिसले तर आधी त्याच अक्षराखाली, नाही सापडला तर क, प, त खाली. ‘ng’ची जोडी एकच अक्षर धरतात आणि ती जीच्या लगेच नंतर लावतात, एनमध्ये नाही, क्ष आणि ज्ञ कुठे शोधायचे हा गोंधळ ज्याने घातलाय त्याला हे समजेल. आणि स्वराने सुरू होणारा शब्द कुठेच सापडला नाही तर पुढे ग जोडून बघा. ‘ई आर्द’, त्याची बाग, अखाली तासभर शोधली तरी मिळत नाही. ती गखाली असते, ‘गार्द’.